सुंदराबाईंचं लुगडं

लुगडं गेल्याचं मला पाच डिसेंबरला कळलं. माझी बायको माया जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

दुपारी तीनच्या सुमारास सुंदराबाई दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर गाठोडं, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. दरवर्षी पाच तारखेला त्या सोलापूरकडून येतात, नायगावला आमच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत उतरतात, सहा तारखेला पहाटे चैत्यभूमीच्या रांगेला लागतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. अकरा वर्षं हे चाललं होतं. पहिल्या वर्षी शिवाजी पार्कात माया आणि चाळीतल्या बायका जेवण वाढत होत्या. तिथे सुंदराबाईंना चक्कर आली. माया त्यांना घरी घेऊन आली आणि पुढच्या वर्षीपासून त्या आमच्याच झाल्या.

माया गेल्याचं त्यांना कळवायचं राहून गेलं होतं. त्यांचा नंबर मायाच्या फोनमध्ये होता आणि तो फोन तिच्या बोटाने उघडायचा.

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, आत बघितलं, आणि भिंतीवरचा फोटो त्यांना दिसला. फोटोला हार होता. चपला काढल्या आणि फोटोखाली बसल्या. बराच वेळ बसून रडल्या. मी चहा केला. मला चहा बरा येत नाही. त्यांनी तो पूर्ण प्यायला.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"ऑगस्टमध्ये. सकाळी चहा ठेवता ठेवता खाली बसली. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई."

मी त्यांचा कप उचलून मोरीत ठेवला.

दिवेलागणीला त्या उठल्या, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "दाजी, माझं लुगडं काढून द्या. पाटं पाच वाजता निघायचं हाय."

"कुठलं लुगडं?"

"आईचं. पांढरं. तुमच्या कपाटात असतंय की. मायाबाईनं सांगितलं न्हाई व्हय कवा?"

त्या दरवर्षी सहा तारखेला पांढरं नऊवारी नेसून निघायच्या, हे मी बघत होतो. ते त्या गावाहून आणतात, असं मी धरून चाललो होतो. कपाटातला माझा एक खण सोडला तर बाकीचं मी कधी उघडलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेली, तेव्हा नेसली होती ते हे लुगडं. आई वारल्यावर भावजया म्हणाल्या, फाडून सगळ्यांनी तुकडा तुकडा घेऊ. सुंदराबाईंना ते पटलं नाही. त्यांनी लुगडं गाठोड्यात घालून मुंबईला आणलं आणि मायाकडे ठेवायला दिलं. माया ते उशीच्या अभ्र्यात, कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची. वर्षातून एक दिवस बाहेर काढायची.

मी कपाट उघडलं. खालच्या खणात अभ्रा होता. मी तो उचलला तर आतून वाळलेला पाला जमिनीवर पडला. बाकी काही नव्हतं.

तेव्हा मला आठवलं.

आमच्याकडे बाई गेली की चाळीतल्या बाया तिला घरातच अंघोळ घालतात आणि पांढरं नेसवतात. पुरुष बाहेर गॅलरीत थांबतात. मीही थांबलो होतो. दार बंद होतं. शेजारच्या नम्रताने दार थोडंसं उघडून विचारलं, "काका, खालच्या खणात एक पांढरं आहे, अभ्र्यात. तेच घेऊ ना?" मी तिच्याकडे बघितलंही नाही. म्हणालो, "तेच घे."

ते लुगडं मायाबरोबर भोईवाड्याच्या स्मशानात गेलं.

सुंदराबाई माझ्या मागे उभ्या होत्या. मी अभ्रा घडी करून परत ठेवला आणि म्हणालो, "वैशालीकडे असेल. चाळ पाडणार, सामान हलवायचंय म्हणून तिने बरंच कळव्याला नेलंय. मी शोधून ठेवतो." वैशाली माझी मुलगी.

"बरं," त्या म्हणाल्या. "आज न्हाई मिळालं तर काय आडलं न्हाई. नम्रताचं नेसते. पर तुमी सोता आनून द्या. मायाबाई अकरा वर्सं म्हनत व्हती, तुमच्या गावचा माळ बघायला येते, माळ बघायला येते. तुमी तरी या."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नम्रताची पांढरी पाचवारी नेसून गेल्या. नम्रताने स्वतः त्यांना निऱ्या घालून दिल्या.

हे सगळं मी हरेश्वरला सांगितलं. हरेश्वर वरळी कोळीवाड्यातला. दादरच्या बस वर्कशॉपमध्ये आम्ही सत्तावीस वर्षं एकत्र काढली. मी फिटर, तो पेंटर. बसवरचे नंबर आणि पाट्या तो हाताने रंगवायचा.

"मग सांग तिला," तो म्हणाला.

"काय सांगू? तुमच्या आईचं लुगडं जाळलं म्हणून?"

"जाळलं नाय रे. नेसवलं."

"तिच्यासाठी एकच."

तो म्हणाला, "पांढरं नऊवारी दादरला मिळतं. म्हाताऱ्या घेतात. जुनं करायचं काम माझ्यावर सोड."

मला हे पटायला नको होतं. पण पटलं. आम्ही दादरला जाऊन लुगडं आणलं. मी ते सोडा घालून अकरा वेळा धुतलं. नम्रता नळावर म्हणाली, "काका, रोज एकच पातळ काय धुताय?" मी म्हटलं, खळ जात नाही. मग हरेश्वरने ते त्याच्या गच्चीवर चहाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि बोंबील वाळत घातले होते त्याच्या शेजारच्या दोरीवर टाकलं. त्याची बायको रखमा वर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बसला रंग देऊन पोट नाय भरलं, आता लुगड्यांना देतोय का?"

"जग्याच्या कामाचं आहे," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"भावोजी, बायको गेली तर माणसं दाढी वाढवतात. तुम्ही हे काय चालवलंय?"

तिला खरं सांगितलं नाही. जानेवारीत तिने आमच्याबरोबर दोन किलो सुके बोंबील बांधून दिले. माळावर मासळी कुठून मिळणार, म्हणाली.

हरेश्वरची गाडी जुनी आहे. तो ती साठच्या वर नेत नाही. आम्हाला घाईही नव्हती. आठवड्याच्या मधला दिवस धरला आणि निघताना पहाटे चैत्यभूमीला गेलो. सहा डिसेंबरला जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे पाच-सहा माणसं होती. एक बाई झाडत होती. मी हात जोडले. लुगड्याची पिशवी गाडीत ठेवली होती. ती बरोबर आत न्यायचं मला धाडस झालं नाही.

हरेश्वर समुद्राकडे तोंड करून उभा होता. "झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"काय मागितलंस?"

"आम्ही मागत नाही."

"मग एवढा वेळ काय करत होतास?"

घाटात दोनदा थांबून गाडीला पाणी पाजलं. पुण्याच्या पुढे वाट वाकडी करून कोरेगाव भीमाला गेलो. मायाबरोबर मी तिथे दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा एक जानेवारीला, लाखो माणसांत. स्तंभ नीट बघता आलाच नव्हता. आता आवारात आम्ही दोघं आणि शाळेच्या सहलीची वाट बघणारा एक पोलीस एवढेच होतो. हरेश्वर स्तंभावरची कोरलेली नावं बोट न लावता वाचत होता.

"अक्षर बघ," तो म्हणाला. "दोनशे वर्षं झाली. कोरणाऱ्याचा हात कुठं हललेला नाय."

मीही नावं वाचली. ही माणसं कोणाची कोण होती, घरी कोण होतं, ते तिथे लिहिलेलं नाही. नुसती नावं. तरी लोक लांबून येतात. मायाचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. चाळीच्या खोलीची पाटी माझ्या नावाची आहे.

त्या रात्री हडपसरला राजरत्नकडे राहिलो. तोही आमच्याच वर्कशॉपमधला, आता मुलाकडे असतो. त्याच्या बायकोने पिशवी उचलून कोपऱ्यात ठेवताना विचारलं, "भाऊ, लुगडं कोणाचं हो? वास कसला येतोय?"

हरेश्वर पटकन म्हणाला, "बोंबलांचा, वहिनी."

"ते कळलं. कोणाचं, विचारते."

मी म्हणालो, "एका बाईंचं आहे. परत द्यायचंय." राजरत्न माझ्याकडे बघत राहिला, पण त्याने पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहोळ सोडून आत वळलो. थोड्या वेळाने ऊस संपला, मग ज्वारी संपली, आणि माळ लागला.

माळ कसा असतो ते मला सांगता येणार नाही. मी जन्मापासून दहा बाय सोळाच्या खोलीत राहिलो. समोर कधी दुसरी चाळ, कधी टॉवर, कधी पत्रे. इथे गुडघ्याएवढं पिवळं गवत होतं आणि ते सगळीकडे होतं. मध्ये एखादी बाभूळ. वारा आला की गवत एका बाजूने झोपत जायचं आणि परत उभं राहायचं. हरेश्वरने गाडी थांबवली आणि उतरला.

"भरती आल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला. "फक्त वास नाय."

लांब तीन हरणं उभी होती. आम्ही त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आमच्याकडे. मग ती निघून गेली. माया अकरा वर्षं जिथे यायचं म्हणत होती, ते हे. दरवर्षी काहीतरी निघायचं. वैशालीचं बाळंतपण, माझी रिटायरमेंट, खोलीची कागदपत्रं. आणि खरं सांगायचं तर मीच म्हणायचो, गवत काय बघायचं.

सुंदराबाईंचं घर माळाच्या कडेला होतं. दोन खोल्या, समोर शेळ्यांचा गोठा, थोड्या अंतरावर निळा झेंडा आणि चुन्याने रंगवलेला ओटा. गावातल्या लोकांनी छप्पन सालानंतर त्या ओट्यावर जमून दीक्षा घेतली होती, असं त्यांनी सांगितलं. त्यांची आई नागपूरहून आली ती लुगड्यासकट तिथेच जाऊन उभी राहिली आणि बाकीच्यांना सगळं सांगितलं. तिने सांगितलं म्हणून गाव तयार झालं. ओट्यावर कोणाचंही नाव नव्हतं.

"जय भीम, दाजी. जय भीम, भाऊ. तुमी फाट्यावरनं वळला तवाच दिसला मला," त्या म्हणाल्या. "मगापास्नं बघतीया. गाडी थांबवून काय बघत व्हता?"

"हरणं," हरेश्वर म्हणाला.

"त्यात काय बघायचं? आमच्या हरभऱ्याची वाट लावत्यात."

त्यांनी लुगड्याचं विचारलं नाही. पिशवी माझ्या हातात होती, ती त्यांना दिसत होती. पाणी दिलं, चहा दिला. रखमाचे बोंबील बघून त्या खूश झाल्या. हरेश्वर शेजारच्या माणसाशी गाडीच्या इंजिनावर बोलत बसला. ऊन उतरल्यावर त्या म्हणाल्या, "चला, शेळ्या वळवून आनू. माळ बी बघून हुईल."

मी पिशवी घेऊनच निघालो. का, ते मला माहीत नाही.

गवतात कुसळं होती. बारीक, टोकदार. चार पावलांत माझे मोजे आणि पँटचे काठ भरून गेले. चालताना टोचायला लागलं. एका उंचवट्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बसा. काढून टाका, न्हाईतर आत जात्याल." त्या स्वतःच्या पदरातली कुसळं एकेक करून उपटायला लागल्या. नजर शेळ्यांवर, बोटं पदरावर.

"आईच्या लुगड्यात बी लय व्हती," त्या म्हणाल्या. "काठाच्या दुमडीत बसल्याली. मायाबाई दर साली उजेडात बसून काढायची. म्हनायची, सुंदराबाई, सत्तर वर्सांचं गवत हाय हे."

माझ्या मांडीवरच्या लुगड्यात एकही कुसळ नव्हतं. सोडा होता, चहा होता आणि बोंबलांचा वास होता.

मी म्हणालो, "सुंदराबाई, हे ते नाही."

त्यांनी हात थांबवला.

"हे मी दादरला घेतलं. धुऊन धुऊन जुनं केलं. हरेश्वरने चहात बुडवलं. तुम्हाला फसवायला आणलं होतं."

"मग ते?"

"मायाला नेसवलं. त्या दिवशी. नम्रताने विचारलं होतं, हेच घेऊ का. मी न बघता हो म्हणालो. मला माहीत नव्हतं ते कोणाचं आहे. पाच तारखेला कळलं, तेव्हा मी खोटं बोललो."

त्या उठल्या. खाली उतरल्या, शेळ्यांना हाळी दिली आणि त्यांच्या मागून घराकडे चालायला लागल्या. मी तसाच बसलो होतो. त्या पार दारापर्यंत पोचेपर्यंत मला दिसत होत्या. मध्ये काहीच आड येत नव्हतं.

जेवताना त्या हरेश्वरशी बोलल्या, माझ्याशी नाही. बोंबील त्यांनी बाजरीच्या भाकरीबरोबर केले होते, वर कच्चा कांदा. मला वाढलं, पण माझ्याकडे न बघता. हरेश्वर माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मी मान हलवली. त्याला कळलं. त्यानंतर तोही शांतपणे जेवला, आणि तो जेवताना कधी शांत नसतो.

सकाळी मी पिशवी घेऊन ओट्यापाशी उभा होतो. हरेश्वर गाडी पुसत होता. सुंदराबाई शेळीचं दूध काढून आल्या. भांडं ओट्यावर ठेवलं.

"मला वाटलं व्हतं तुमच्या पोरीनं फाडलं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर टाकून दिलं. दीड म्हैना म्या तेच धरून बसले व्हते. त्या पोरीला लय बोलले मनात."

"तिचा काही संबंध नाही."

"आता कळलं की." मग त्यांनी विचारलं, "कसं नेसवलं?"

मला प्रश्न समजला नाही.

"नऊवारी हाय ते. तुमच्या मुंबईच्या बाया पाचवारी नेसनाऱ्या. काष्टा घातला का? का नुसतं गुंडाळलं? आई नागपूरला काष्टा घालून उभी व्हती. म्या बी तसंच नेसायची. मायाबाईला दोनदा शिकवलं व्हतं मी, हसत बसायची, जमायचं न्हाई तिला."

"मी बाहेर होतो," मी म्हणालो. "दार बंद होतं. आणलं तेव्हा फुलं होती, वरून चादर होती. मला फक्त चेहरा दिसला."

"मग ठावं कुनाला?"

"नम्रताला. तिनेच नेसवलं."

"तर इचारून सांगा मला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "नीट नेसवलं आसंल तर माझं काय म्हननं न्हाई. आईचं लुगडं मायाबाईच्या अंगावर गेलं, बरं झालं. त्या भावजयांच्या हाती तुकडं हून गेलं न्हाई. पर बोचक्यावानी गुंडाळलं आसंल, तर ते बी सांगा. मला खरं ठावं पायजे."

"आणि गुंडाळलं असेल तर?"

"ते मग बघू. आता कशाला?"

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, लुगडं बाहेर काढलं आणि नाकाशी धरलं. तोंड वाकडं केलं.

"भाऊ," त्यांनी हरेश्वरला हाक मारली, "बसगाड्या बी चहानंच रंगवत व्हता काय?"

"नाय हो अक्का. त्याला सरकारी रंग मिळायचा."

त्या थोड्या हसल्या. लुगडं त्यांनी ठेवून घेतलं. रिठ्यानं धुवून बघते म्हणाल्या, सहा डिसेंबरला नेसायला होईल. आम्ही निघालो तेव्हा ते गोठ्यासमोरच्या दोरीवर होतं आणि वाऱ्याने ताणलं जात होतं. फाट्यापर्यंत मागे वळून बघितलं की मला ते दिसत होतं.

येताना आम्ही कुठे थांबलो नाही. खोपोलीच्या आसपास हरेश्वर म्हणाला, "नम्रताला एक प्रश्न विचारायचा आहे फक्त. दोन खोल्या सोडून राहते ती."

"हो."

"मी येऊ का बरोबर?"

"नको."

आता मार्च संपत आला आहे. सुंदराबाईंचे दोन फोन आले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही, शेळी व्यायली एवढंच सांगितलं.

नम्रता मला रोज भेटते. सकाळी नळावर, संध्याकाळी गॅलरीत. कधी वाटीभर काहीतरी आणून देते. तिला विचारलं तर ती सांगेल, चांगली मुलगी आहे. पण ती लुगड्यापाशी थांबणार नाही. पाणी कोणी घातलं, केस कोणी विंचरले, माया तेव्हा कशी दिसत होती, हेही सांगेल. ते दार त्या दिवशी बंद होतं आणि मी बाहेर होतो. ते बंद होतं याचं मला त्या वेळी बरं वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात आम्हाला चाळीच्या बदल्यात बांधलेल्या नव्या इमारतींच्या चाव्या मिळणार आहेत. नम्रताची खोली अठराव्या मजल्यावर निघाली, माझी दुसऱ्या इमारतीत. मग ती रोज दिसणार नाही. परवा मी तिच्या दारापर्यंत गेलो होतो. तिने विचारलं, "काय काका?" मी म्हणालो, थोडी साखर दे.

नम्रताला मी अजून विचारलेलं नाही.